दोन किलो कटती

आमच्या भागाच्या माजी खासदारांचं वजन मला पाच वेळा कळलेलं आहे. चार वेळा ते मी स्वतः केलं, पाचव्या वेळी एका नर्सबाईनं. मोठ्या माणसाची कारकीर्द लोक पदांनी सांगतात. मी मापारी होतो, त्यामुळे माझ्याकडे ती किलोत आहे.

मापारी म्हणजे बाजार समितीच्या आवारात शेतमाल तोलणारा परवानाधारक माणूस. तो शेतकऱ्याचाही नाही आणि व्यापाऱ्याचाही नाही, असं नियमात लिहिलेलं आहे. परवाना एका वर्षाचा असतो. दर वर्षी कापसाच्या हंगामाआधी तो नवा करून घ्यायचा आणि त्यावर समितीच्या सभापतींची सही आणायची. माझं घर त्या एका सहीवर चालत होतं. सभापती बहुधा व्यापारी असतो, नाहीतर व्यापाऱ्याचा नातेवाईक.

पहिलं वजन चोपन्न किलो. सरकारी एकाधिकार खरेदी, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच विकायचा ही व्यवस्था, ढिली पडू लागली होती आणि खासगी व्यापारी खेड्यापाड्यांतून कापूस घ्यायला लागले होते. आमचे हे खासदार तेव्हा नुकते त्या धंद्यात शिरले होते. लोक त्यांना शेठ म्हणत, पण अंगावर शेठपण कुठं दिसत नव्हतं. गळ्याची हाडं दिसायची. मोटरसायकलच्या मागे तराजूची दांडी आडवी बांधलेली, तिच्यामागे मी. केळापूरकडच्या खेड्यांत आम्ही सकाळीच पोचायचो. पारावर तराजू टांगला की शेठ आधी स्वतः पारड्यात बसत.

"तोला मले," ते मला म्हणायचे, आणि गावाकडे वळून, "पाहा बाप्पा, काल चोपन्न होतो, आजबी चोपन्न. काटा खोटा असंल तं मी खोटा."

ही त्यांची स्वतःची पद्धत होती. व्यापाऱ्याचं वजन वापरून काटा तपासायचा, असं दुसऱ्या कोणी केलेलं मी पाहिलं नाही. लोक हसायचे आणि माल द्यायचे. काटा खरंच सरळ होता. आकड्यांच्या बाबतीत मी तेव्हाही काटेकोर होतो. दर सोमवारी वजनं घासून पुसून ताडून घ्यायचो. शेठजींचं वजन एकदा साडेत्रेपन्न भरलं, तेव्हा मी तेच पुकारलं. ते म्हणाले, "रात्री जेवलो नाई लेका, पण काटा बराबर आहे." त्या गावात त्या दिवशी सगळ्यात जास्त माल मिळाला.

पुढे त्यांनी जिनिंग टाकलं, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढून रुई करायचा कारखाना. मी मापाऱ्याचा परवाना काढला आणि आवारात आलो; आवारासारखाच त्यांच्या जिनिंगच्या दारातही तोलायला जायचो. त्याच सुमारास कटती आली. कापसात ओलावा असतो, काडीकचरा असतो, म्हणून क्विंटलमागे दोन किलो वजन आधीच कापायचं, ही कटती. मोजायला यंत्र नव्हतं. व्यापाऱ्याचा माणूस गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "ओला आहे." मे महिन्यात, बेचाळीस अंशांत, घरात चार महिने वाळलेला कापूसही ओलाच निघायचा. पुढे पुढे हात घालणंही बंद झालं. मी वजन पुकारायचो, लगेच कटती पुकारायचो आणि राहिलेला आकडा चिठ्ठीवर लिहायचो. "चार क्विंटल, कटती आठ, तीन ब्याण्णव!" एका दमात. श्वास कुठं घ्यायचा तेही ठरून गेलं होतं. असे पंधरा हंगाम मी पुकारत आलो.

नियमात कटती नव्हती. मी नियम वाचले होते, म्हणून मला माहीत होतं. पण समितीच्या आवारात नियमापेक्षा रिवाज जुना समजला जातो, आणि रिवाज मोडायला परवाना लागत नसला तरी परवाना टिकवायला रिवाज लागतो. मी कापलेल्या दोन किलोंतला एक ग्रॅमही घरी नेला नाही, या गोष्टीचा मला अभिमान होता. आता लिहिताना तो अभिमान जरा विचित्र वाटतो.

दुसरं वजन सहासष्ट. शेठ बाजार समितीचे सभापती झाले, आणि कोणीतरी सत्कारात त्यांची गुळतुला करायचं काढलं. पुढाऱ्याला एका पारड्यात बसवून दुसऱ्यात त्याच्या भारोभार काहीतरी घालायचं आणि ते वाटून टाकायचं, ही आमच्याकडची हौस. काटा माझाच. त्या दिवसापासून लोक त्यांना शेठ म्हणायचे थांबले आणि भाऊ म्हणू लागले.

तिसरं वजन एक्याऐंशी. भाऊ नगराध्यक्ष झाले, तुला बुंदीच्या लाडवांची. लाडू कमी पडले. मी तसं सांगितलं, तर एका कार्यकर्त्यानं पारड्याच्या कडेवर पाय ठेवून ते खाली दाबून धरलं. मी पाय काढायला लावला. भाऊ पारड्यातून बघत होते. म्हणाले, "राहू द्या रे, मापारी सरळ माणूस आहे. सहा लाडू आन आनखी." अशी त्यांच्याकडून मला दोनतीन प्रशस्तिपत्रकं मिळालेली आहेत, सगळी तोंडी.

मग कापसाची वाईट वर्षं आली. बियाणं नवं, अळी जुनी, पाऊस नको तेव्हा, भाव पडलेला. आमच्या जिल्ह्याचं नाव टीव्हीवर येऊ लागलं आणि पाहुणे फार येऊ लागले. मोठ्या गाड्या, समित्या, छायाचित्रकार. प्रत्येक पाहुण्याला कोणीतरी गावात घेऊन जावं लागे, आणि भाऊ घेऊन जात. त्यांना खेडी माहीत होती. मोटरसायकलवर फिरून माहीत झालेली. पारावर ते इतकं कळवळून बोलायचे की मलाही गहिवरून यायचं. ते खोटं बोलत होते असं मी म्हणणार नाही. दिल्ली कापसाला कशी लुटते, हे त्यांना आतून कळत होतं. फक्त ते दिल्लीपासून सुरू करत आणि आमच्या आवाराच्या फाटकापाशी थांबत.

निवडणुकीच्या सभेत त्यांनी कटतीचंही नाव घेतलं. "निवडून आलो तं कटती काढून टाकीन." ते निवडून आले. भाऊचे साहेब झाले. आवारात सभापतींच्या खुर्चीवर त्यांचे मेहुणे बसले. लोकसभेत साहेबांनी कापसावर प्रश्न विचारला, त्याचा छापील कागद काचेत घालून जिनिंगच्या दारावर लावला गेला. त्याच दाराखालून गाड्या आत येत होत्या आणि मी पुकारत होतो. "कटती आठ, तीन ब्याण्णव!"

चौथी तुला कापसाची ठरली. कल्पना मेहुण्यांची. कापूसतुला, शेतकऱ्यांच्या हस्ते, आवारातच. गावागावांतून थोडा थोडा कापूस आला. मुकुटबनकडचे लोक एक बोरा घेऊन आले. तांड्यावरची एक म्हातारी ओटीत घालून घेऊन आली होती, दीड किलोच्या आसपास. पदर सोडेना, म्हणाली मी हातानं घालीन. जमा झालेला कापूस आश्रमशाळेच्या गाद्यांसाठी द्यायचा होता.

आधी साहेबांना लोखंडी वजनांशी तोलून आकडा जाहीर करायचा, मग वजनं काढून कापूस घालायचा, असा माझा क्रम. साहेब पारड्यातल्या खुर्चीवर बसले. गळ्यात हार इतके की हनुवटी दिसेना. मी म्हणालो, "साहेब, हार काढून ठेवा, वजन चुकते."

मेहुणे म्हणाले, "राहू द्या हो मापारी, फोटो आहे."

मी हार जरा बाजूला सारून दांडीचा दोर सरळ केला. हार गच्च ओले होते. ऊन होतं, फुलवाल्यानं पाणी मारलेलं. तो ओलावा माझ्या हाताला लागला, आणि नंतर मी कितीही आठवलं तरी मला वाटतं, तेच झालं. हाताला ओलं लागलं आणि तोंडानं आपलं काम केलं. मी वजनं चढवली, काटा स्थिर झाला, आणि माझ्यासमोर माइक होता.

"शहाण्णव, कटती दोन, चौऱ्याण्णव!"

हिशेबानं शहाण्णवला एक किलो नऊशे वीस ग्रॅम येतात. पण क्विंटल भरो न भरो, आमच्याकडे कटती पूर्ण कापली जायची.

काय झालं ते मला कळलंच नव्हतं. मी चिठ्ठीवर चौऱ्याण्णव लिहीत होतो. मग मागून एका गाडीवानाचा आवाज आला.

"मापारी भाऊ, ओलावा पाह्यला का? हात घाला ना कोपरापर्यंत!"

"काडीकचरा बी असंल!"

"कायले दोनच? चार कापा, माल लई ओला दिसते!"

हशा उठला तो थांबेना. तांड्यावरची म्हातारी पदरातला कापूस धरून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मला मात्र हसता येईना. हंगाम पंधरा दिवसांवर होता आणि माझा परवाना सहीसाठी मेहुण्यांच्या टेबलावर पडलेला होता.

साहेब काय माणूस होते ते इथं कळतं. त्यांचा चेहरा एकदाच लाल झाला. मग ते खुर्चीतच उभे राहिले, पारडं हेलकावलं, त्यांनी दोर धरला, माइक ओढून घेतला आणि म्हणाले, "बराबर आहे! मापाऱ्यानं बराबर केलं! जे शेतकऱ्याले, ते खासदाराले. आन् आता ऐका, आजपासून या आवारात कटती बंद!"

टाळ्या. घोषणा. मला शाल आणि नारळ मिळाला. नारळ चांगला निघाला.

तुलेच्या कापसाचंही सांगून टाकतो. गादीला रुई लागते, म्हणून शहाण्णव किलो कापूस सरकी काढायला साहेबांच्याच जिनिंगमध्ये गेला. क्विंटलला चौतीस किलो रुई धरली तर साडेबत्तीस किलो झाली. वर्तमानपत्रातल्या फोटोत चार गाद्या होत्या. गादीला आठ किलो धरले तर अर्धा किलो सोडून रुई बरोबर जुळते. सरकीबद्दल फोटोत काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मेहुण्यांनी मला कार्यालयात बोलावलं. विरोधकांच्या वर्तमानपत्रात मोठी बातमी आली होती, की गरीब मापाऱ्यानं भर सभेत खासदाराचं माप काढलं, ही शेतकऱ्यांच्या संतापाची ठिणगी आहे वगैरे. टेबलावर एक टंकलिखित कागद होता आणि त्याच्याशेजारी माझा परवाना, सहीची जागा कोरी. कागदात लिहिलं होतं की कटतीच्या अनिष्ट प्रथेविरुद्ध जागृती व्हावी म्हणून मा. खासदारसाहेबांनीच मला तसं पुकारण्याची पूर्वसूचना दिली होती.

"सही करा आन् परवाना घेऊन जा," मेहुणे म्हणाले.

मी म्हणालो, "पूर्वसूचना कोणीच दिली नव्हती. चुकून झालं. 'नजरचुकीने' असं लिहा, मी आत्ता सही करतो."

"चुकीनं कुठं कटती बंद होते का हो? लोक काय म्हणतील, साहेबांनी चुकून बंद केली?"

"पण चुकूनच झालं ना."

मेहुण्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "मापारी, एक सांगा. तुमी विरोधकाइचे आहा, का आमचे?"

"मी काट्यावरचा आहे," मी म्हणालो. बोलताना बरं वाटलं, पण बाहेर आल्यावर ते जरा नाटकी वाटलं. मी विचार करायला दोन दिवस मागून घेतले.

घरी बायकोला सांगितलं. ती तूर निवडत होती. सूप खाली न ठेवता म्हणाली, "करून टाका ना सही. त्याहीची भाषणं का खरी असतात?"

"अगं, पण मी न झालेली गोष्ट लिहून देऊ? आजवर न मोजलेला आकडा मी कधी लिहिला नाही."

तिनं सूप ठेवलं. "आन् ते दोन किलो? ते मोजले होते? पंधरा वर्सं रोज लिहून राह्यले तुमी. माझ्या भावाच्या गाडीवर बी कापले. तवा हात जड नाई झाला, आता काहून झाला?"

माझ्या डोक्यात एक गुणाकार सुरू झाला, हंगाम गुणिले दिवस गुणिले गाड्या, आणि मी तो मुद्दाम अर्ध्यावर सोडला. आयुष्यात एवढा एकच हिशेब मी अर्धवट टाकला आहे.

दोन दिवसांत विरोधकांचा माणूसही येऊन गेला. त्याच्याकडेही कागद होता. त्यात मी ते निषेध म्हणून जाणूनबुजून केल्याचं लिहिलं होतं आणि खाली माझ्या सत्काराचा उल्लेख होता. त्यालाही मी चुकून झाल्याचं सांगितलं. तो नाराज होऊन गेला. आवारात तर वेगळीच पंचाईत. गाडीवान मला चहा पाजत होते, पाठीवर थाप मारत होते. "जिरवली ना भाऊ, मस्त जिरवली!" मी म्हणायचो, अहो सवयीनं तोंडातून गेलं. ते डोळा मारायचे. "हाव हाव, सवयीनंच! असंच सांगत जा." माझं पुकारणं पंधरा हंगामांत कोणी तपासलं नव्हतं, आता मी खरं सांगतोय तर कोणी मानायला तयार नव्हतं.

मागून घेतलेले दोन दिवस संपले तेव्हा मी मेहुण्यांना सांगितलं की सही करणार नाही. हे धैर्य नव्हतं. बायकोच्या प्रश्नानंतर आणखी एक खोटी चिठ्ठी लिहायची लाज वाटली, एवढंच. सही न करता घरी आलो. त्या दिवशी तिनं पुरणपोळी केली. सण नव्हता.

परवाना नाकारला गेला नाही. तो 'विचाराधीन' राहिला, दिवाळीपर्यंत, मग संक्रांतीपर्यंत. मध्येच आवारात नवा इलेक्ट्रॉनिक काटा आला. साहेबांच्या हस्ते उद्‌घाटन झालं. आता गाडी फलाटावर चढते, आतल्या खोलीत चिठ्ठी छापून निघते, पुकारायला माणूस लागत नाही. कटती बंदच आहे. चिठ्ठीवर तळाशी बारीक अक्षरांत 'घट' असा रकाना आहे, त्यात यंत्र आपलं आपण दोन टक्के भरतं. माझ्या बायकोच्या भावानं मला चिठ्ठी आणून दाखवली. दोन किलो होते, पण आता दशांशात होते.

मी मुकुटबनकडे एका दगडखाणीच्या वजनकाट्यावर लागलो. एसटीनं जायचं, एसटीनं यायचं. दगडात ओलावा कोणी शोधत नाही. ट्रक भरला की एवढा, रिकामा की एवढा, वजाबाकी केली की झालं. पगार परवान्याच्या कमाईपेक्षा कमी होता, पण चिठ्ठीवर मी जे लिहायचो ते ट्रकमध्ये असायचं. पहिले काही दिवस आकडा पुकारल्यावर जीभ पुढच्या शब्दासाठी अडायची.

पाचवं वजन गेल्या उन्हाळ्यातलं. साहेबांना मध्यंतरी तिकीट नाकारलं गेलं, ते अपक्ष उभे राहिले आणि पडले. मेहुणे दुसऱ्या पक्षात गेले. जिनिंग विकलं. मी साखर तपासायला यवतमाळला एका दवाखान्यात गेलो होतो. रांगेत माझ्यापुढे तीन माणसं सोडून ते बसलेले. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. मला पाहून त्यांनी शेजारच्याला सरकायला लावलं.

"या मापारी. साखर?"

"हो. आणि तुम्हाला?"

"सगळंच." मग इकडेतिकडे पाहून हळू म्हणाले, "एक विचारू? इतकी वर्सं झाली. त्या दिवशी तुमी मुद्दाम केलतं ना?"

"नाही साहेब. सवयीनं गेलं तोंडातून. हार ओले होते."

"हार?"

"हाताला ओलं लागलं."

ते विचारात पडले. "मले पयले वाटलं विरोधकाइनं शिकवलं तुमाले. मंग मी लोकाइले सांगत राह्यलो का मीच सांगतलं होतं म्हणून. इतक्या वेळा सांगतलं का आता मले तसंच आठवते. तुमाले जिनिंगच्या गेटवर बोलावून सांगतलं, असं दिसते डोळ्यापुढं."

"गेटवर नव्हतं झालं."

"नाई ना? मंग सवयच?"

"सवयच. ती जिनिंगमध्येच लागली."

ते मोठ्यानं हसले. सभेतलं नाही, पारावरचं हसू होतं ते. "आन् परवान्याचं? तो कागद मले नंतर कळला. मेहुण्याची कल्पना होती."

मी त्यांच्याकडे पाहिलं. कागदावर भाषा साहेबांची होती. पंधरा वर्षं भाषणं ऐकलेल्या माणसाला ती ओळखू येते. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं आणि तो विषय तिथंच सोडला.

तेवढ्यात नर्सबाईनं त्यांचा नंबर पुकारला. त्यांनी चपला काढल्या, खिशातला मोबाइल, चष्म्याचं घर, किल्ल्या काढून माझ्या हातात दिल्या. कोणी न सांगता. मग जुन्या स्प्रिंगच्या काट्यावर सरळ उभे राहिले, श्वास धरून, पारावर पारड्यात बसायचे तेव्हा धरायचे तसा.

"एकोणसत्तर," नर्सबाई म्हणाली आणि कागदावर लिहिलं.

ते खाली उतरले. काट्याची सुई मागे आली आणि शून्यावर न थांबता एकावर थांबली. मला राहवलं नाही.

"बाई, काटा रिकामा असताना एकावर आहे. अडुसष्ट लिहा."

नर्सबाईनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही कोण यांचे?"

"मापारी," साहेब म्हणाले, आणि किल्ल्यांसाठी हात पुढे केला. "लिहा बाई अडुसष्ट. खरी कटती आहे ही."

तिनं तोवर पुढचा नंबर पुकारला होता. कागदावर एकोणसत्तरच राहिलं.